परदेशी जाताना चलनाचा भाव: कुठे, किती आणि कशात घ्यावं

प्रश्न चोपड्याच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांचा आहे. मुलगा जर्मनीत नोकरीला. नवरा-बायको दोघं दोन महिन्यांसाठी त्याच्याकडे निघालेत. तिकिटाचा एजंट म्हणतो, सगळे युरो माझ्याकडूनच घ्या, कमिशन शून्य. मुलगा म्हणतो, काहीच आणू नका. शेजारी म्हणतो, मुंबईला विमानतळावर मिळतात की. त्यातच युरो रोज वर चाललाय, तर थांबावं का आत्ताच घ्यावेत? मी वर्षानुवर्षं बँकेच्या परकीय चलन विभागात आणि नंतर जळगावात परवानाधारक मनी चेंजरच्या काउंटरमागे बसलो आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

सर, आधी एजंटचं 'कमिशन शून्य' बाजूला ठेवा. चलन विकणारा कमिशनवर जगत नाही, भावातल्या फरकावर जगतो. गूगलवर युरोचा जो आकडा दिसतो तो मधला भाव. त्या भावाने मोठ्या बँका आपसांत कोटींचे व्यवहार करतात. तुम्हाला-मला विकताना त्यावर काहीतरी चढतं, आपल्याकडून परत घेताना त्यातून काहीतरी उतरतं. चोपडा-रावेर-यावलच्या माणसाला हे फोड करून सांगायची गरज नाही. बऱ्हाणपूरहून जाहीर होणारा केळीचा भाव वेगळा आणि बांधावर व्यापारी हातावर टेकवतो तो वेगळा, हे आपण लहानपणापासून बघतोय. मधला भाव तुम्हाला कुणीच देणार नाही. त्याच्यावर किती चढवतोय, एवढंच बघायचं असतं.

ते बघायची रीत सोपी आहे. काउंटरवर "आज काय भाव?" असं विचारू नका. विचारा: "मला पाचशे युरो हातात हवेत. जीएसटी, सर्व्हिस चार्ज, सगळं धरून माझ्या खात्यातून एकूण किती रुपये जातील?" मिळालेल्या रकमेला पाचशेने भागा आणि त्याच मिनिटाला मोबाइलवर दिसणाऱ्या मधल्या भावाशी ताडून पाहा. सकाळी एका दुकानात विचारलं आणि संध्याकाळी दुसरीकडे, तर ती तुलना खोटी ठरते, कारण मधे बाजारच हललेला असतो.

हिशेबाला सोपं म्हणून मधला भाव १०० रुपये धरू. युरोच्या नोटा १०१ ते १०२ च्या आत मिळाल्या तर डोळे मिटून घ्या. १०३ ला घासाघीस करा, आणि घासाघीस चालते बरं का. बोर्डावरचा भाव हा न बोलणाऱ्या गिऱ्हाइकासाठी असतो. १०४ च्या पुढे गेला तर नमस्कार करून उठा. विमानतळावर याच नोटेला १०७-१०८ सुद्धा मागतात. तिथलं भाडं प्रचंड, आणि समोरच्या माणसाला पर्याय नाही हे विकणाऱ्याला पक्कं ठाऊक असतं. शेजाऱ्यांचं ऐकून हजार युरो तिथे घेतलेत तर पाच-सहा हजार रुपये नुसत्या जागेपायी गेले. तिथे काही घ्यायचंच असेल तर अडल्यावेळी पन्नास युरो, त्यापुढे नाही.

जीएसटीची भीती नको. तो पूर्ण रकमेवर नसतो. एक लाख रुपयांपर्यंतच्या चलनावर रकमेचा एक टक्का हे करपात्र मूल्य धरतात (कमीत कमी २५० रुपये) आणि त्यावर १८ टक्के लावतात. म्हणजे लाखाला १८० रुपये. एक ते दहा लाखांच्या दरम्यान हजार रुपये अधिक लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का, आणि त्यावर १८ टक्के. कुणी 'टॅक्स' म्हणून लाखाला हजार-दोन हजार लावत असेल तर तो टॅक्स नव्हे, त्याचा खिसा आहे.

आता 'थांबू का' या प्रश्नाकडे येतो, कारण काउंटरवर हा सगळ्यात जास्त विचारला जातो. डॉलरचं उदाहरण घ्या. जुलै २०२२ मध्ये डॉलरने ८० रुपये गाठले, डिसेंबर २०२५ मध्ये ९० ओलांडले. साडेतीन वर्षांच्या आत साडेबारा टक्के, म्हणजे वर्षाला सरासरी साडेतीन-पावणेचार. महिन्याला पडतात जेमतेम ०.३ टक्के. युरो थोडा जास्त उड्या मारतो, पण तुम्ही-आम्ही त्या उड्या आधी ओळखू शकत नाही; ओळखता आल्या असत्या तर मी काउंटरमागे कशाला बसलो असतो? उलट एका दुकानातून दुसऱ्या दुकानात तीन टक्क्यांचा फरक आजच्या आज, समोर दिसतो. लोक टीव्हीवर रुपयाची बातमी बघत पंधरा दिवस काढतात आणि शेवटी घाईत जो पहिला भेटेल त्याच्याकडून घेतात. भावाची वाट पाहू नका, दुकानं फिरा. फारच धाकधूक असेल तर निम्मे आत्ता, निम्मे निघायच्या आठवड्यात. प्रवासाच्या ६० दिवस आधीपर्यंतच चलन घेता येतं, त्यामुळे फार आधी साठवून ठेवायचा प्रश्नच येत नाही.

वार आणि वेळ मात्र पाळा. आपल्याकडचा बँकांमधला चलनबाजार सकाळी ९ ते दुपारी ३:३० चालतो, शनिवार-रविवार बंद. बंद बाजारात विकणारा सोमवारी काय होईल या भीतीपोटी भावात थोडं जास्त धरतो. म्हणून कामाच्या दिवशी अकरा ते तीनच्या दरम्यान जा.

कुठे घ्यायचं? आपल्या भागाची खरी अडचण इथे आहे. चोपडा, शहादा, साक्री, पारोळा अशा गावांत बँकेच्या शाखेत युरोच्या नोटा पडून नसतात. शाखा जळगाव, नाशिक किंवा मुंबईला मागणी पाठवते, दोन-चार दिवस जातात, आणि भाव मागणीच्या दिवसाचा नसून नोटा हातात पडतील त्या दिवसाचा लागतो. हे आधी विचारून घ्या. तुमच्या बँकेच्या वेबसाइटवर रोजचा दरतक्ता असतो. त्यात परदेशी पैसे पाठवायचा, ट्रॅव्हल कार्डचा (परदेशी चलन आधी भरून न्यायचं कार्ड, यालाच फॉरेक्स कार्ड म्हणतात) आणि नोटांचा असे वेगवेगळे रकाने असतात. नोटांचा रकाना सगळ्यात महाग. कारण नोट विमानाने आणावी लागते, तिचा विमा काढावा लागतो आणि ती तिजोरीत पडून राहिली तर भांडवल अडकतं. कार्डावरचा युरो म्हणजे नुसती नोंद, म्हणून तो स्वस्त.

जळगाव-धुळ्यात परवानाधारक चेंजर आहेत, पण गिऱ्हाईक मोजकं, त्यामुळे स्पर्धाही मोजकी. मुंबईत फोर्ट, अंधेरीकडे एकेका रस्त्यावर चार-चार दुकानं. तुमचं विमान मुंबईहून असणार आणि एक रात्र नातेवाइकांकडे मुक्काम असेल, तर ऑनलाइन भाव पक्का करून मुंबईत नोटा उचलणं बहुधा स्वस्त पडतं. नंदुरबार-नवापूरकडच्या मंडळींना हेच सुरतेला जमतं. मात्र पाचशे युरोंसाठी वेगळी खेप करू नका. वाचलेले हजार रुपये भाड्यात आणि जेवणात जातील. जळगावच्या दुकानदाराला मुंबईचा भाव मोबाइलवर दाखवा. बऱ्याचदा तो एक-दीड रुपया तिथल्या तिथे खाली येतो. एजंटलाही हाच प्रश्न विचारा, आणि त्याच्याकडे रिझर्व्ह बँकेचा परवाना आहे की तो दुसऱ्याकडून आणून देणार, हेही. पावतीवर परवानाधारकाचं नाव, भाव आणि जीएसटी आलाच पाहिजे. पावती नसलेल्या नोटा कितीही स्वस्त असोत, हात लावू नका.

तुमच्यासाठी माझी वाटणी अशी. दोघांत मिळून पाचशे-सहाशे युरो नोटांत. पन्नास, वीस आणि दहाच्या नोटा मागून घ्या. पाचशेची युरो नोट २०१९ पासून नव्याने द्यायची बंद झाली आहे, चालते पण दुकानदार घेत नाहीत, आणि शंभरची नोटही बेकरीवाला नाराजीने पाहतो. जर्मनीत रोख अजून बऱ्यापैकी लागते. छोटी बेकरी, आठवडी बाजार, काही हॉटेलं, सार्वजनिक शौचालय, यांना रोखच हवी असते. काही ठिकाणी तर तिथलं जर्मन डेबिट कार्ड चालतं आणि आपलं व्हिसा-मास्टरकार्ड चालत नाही. त्यामुळे मुलाचं 'काहीच आणू नका' हे प्रेमापोटी असलं तरी हाताशी रोख नसणं बरं नाही. बाकी फिरण्याचा खर्च फॉरेक्स कार्डावर युरोतच भरा, हजार-दीड हजार. कमी पडले तर इथल्या खात्यातून ऑनलाइन भरता येतात, म्हणून सुरुवातीला ठासून भरू नका. उरलेला युरो परत रुपयात करताना बँक तिच्या खरेदी भावाने घेते. म्हणजे १०१ ला घेतलेला ९७-९८ ला जातो. लोक खरेदीत पन्नास पैसे वाचवायला धडपडतात आणि येताना चारशे युरो उरवून दीड हजार रुपये घालवतात.

कार्ड घेताना पाच शुल्कं विचारा: कार्डाचं, पुन्हा भरण्याचं, एटीएमचं, वापर नसेल तर लागणारं आणि पैसे परत काढण्याचं. सहावं कुणी आपणहून सांगत नाही, ते म्हणजे दुसऱ्या चलनाचं. युरो भरलेलं कार्ड स्वित्झर्लंडमध्ये घासलं की युरोचे फ्रँक होताना साडेतीन टक्क्यांच्या आसपास कापले जातात. मुलगा तुम्हाला आल्प्स दाखवायला नेणार हे गृहीत धरा, आणि त्या दोन दिवसांसाठी मुलाचंच कार्ड वापरा.

साध्या क्रेडिट कार्डाचा हिशेब असा: व्हिसा-मास्टरकार्डचा स्वतःचा भाव मधल्या भावाच्या जवळ असतो, पण आपली बँक त्यावर सहसा ३.५ टक्के मार्कअप (चढावा) लावते, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. आता शून्य मार्कअपची कार्डं मिळतात. असं कार्ड तुमच्याकडे असेल तर ते फॉरेक्स कार्डापेक्षाही स्वस्त पडतं. मग फॉरेक्स कार्डाच्या फंदात पडूच नका, ते क्रेडिट कार्ड आणि नोटा एवढं पुरे. क्रेडिट कार्डाने एटीएममधून रोख मात्र कधीच काढू नका; काढण्याचं शुल्क वेगळं आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

निघायच्या आधी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा आंतरराष्ट्रीय वापर चालू करा. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार नवीन कार्ड फक्त देशातल्या वापरापुरतं चालू येतं, आणि फ्रँकफर्टच्या दुकानात उभं राहून हे कळणं फार वाईट. खात्याला जोडलेलं सिमही रोमिंगवर जिवंत ठेवा, ओटीपी त्यावरच येणार.

एक फसगत अशी आहे की शिकलेली माणसंही तिच्यात सापडतात. तिकडच्या दुकानात किंवा एटीएमवर कार्ड घातलं की मशीन विचारतं: रुपयांत पैसे द्यायचे की युरोत? आपल्याला रुपये ओळखीचे, म्हणून हात तिकडे जातो. रुपये निवडले की भाव त्या मशीनवाल्याचा लागतो आणि तो चार, सहा, कधी त्याहून जास्त टक्के चढा असतो. वर आपल्या काही बँका त्याच व्यवहारावर आणखी शुल्क घेतात. नेहमी तिथलं चलन निवडा. एटीएम मशीन "या भावाशिवाय पुढे जायचं?" असं घाबरवल्यासारखं विचारतं. तिथे बिनधास्त पुढे जा, पैसे निघतातच. स्टेशनवर, पर्यटकांच्या चौकात उभी असलेली सुटी एटीएम टाळून बँकेच्या शाखेतलं शोधा, आणि चारदा पन्नास काढण्यापेक्षा एकदाच दोनशे काढा.

कायद्याचं थोडक्यात. एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंतची मुभा आहे, तुमचा त्याच्याशी संबंध येणार नाही. नोटांत एका प्रवासाला माणशी तीन हजार डॉलरइतकंच चलन मिळतं, बाकी कार्डावर. हजला जाणाऱ्यांना यात सूट आहे. चलनाचे पन्नास हजार रुपये किंवा जास्त होत असतील तर रोख देऊ नका, चेक किंवा ट्रान्सफर. पासपोर्ट, पॅन, व्हिसा, तिकीट सोबत लागतं आणि ए-२ फॉर्मवर (परदेशी चलन घेण्याचा अर्ज) सही. वर्षाला दहा लाखांपर्यंतच्या चलनावर टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ गोळा करायचा आयकर) नाही (ही मर्यादा १ एप्रिल २०२५ पासूनची). टूर पॅकेजचा टीसीएस वेगळा, तो पहिल्या रुपयापासून लागतो, पण विवरणपत्रात जमा धरला जातो. भारतीय रुपये माणशी पंचवीस हजारांपर्यंत नेता-आणता येतात; परत आल्यावर दादर ते जळगाव रेल्वेत लागतील तेवढे ठेवा.

मुलाने तिकडे तुमच्यावर खर्च करणं पूर्ण कायदेशीर आहे, त्यात संकोच नको. पण त्याच्या मित्राचे आईवडील धुळ्याला आहेत, तुम्ही इकडे त्यांना रुपये द्या, मित्र तिकडे तुम्हाला युरो देईल, असा घरगुती जुगाड सर्रास सुचवला जातो. भाव मधलाच मिळतो, म्हणून मोह होतो. परवाना नसलेल्यांमधली ही चलनाची देवाणघेवाण फेमा या परकीय चलनाच्या कायद्यात बसत नाही. दोन हजार रुपयांसाठी खात्यावर अशी नोंद ओढवून घेऊ नका.

तुमच्यासारखेच आणखी काहीजण हे वाचतील, म्हणून जर्मनीखेरीज इतर देशांचंही लिहितो. खतं-बियाण्यांच्या कंपन्या आपल्याकडच्या कृषी सेवा केंद्रवाल्यांना टार्गेट पूर्ण झालं की बँकॉक-पट्टायाला नेतात, त्यांचा फोन नेहमी आदल्या दिवशी येतो: "भाऊ, बाट शेत का?" म्हणजे थायलंडचं चलन बाट आहेत का. जळगावात बाट महाग पडतात, कारण खपच नाही. चार-पाच टक्के सहज जातात. त्यापेक्षा डॉलरच्या शंभरच्या कोऱ्या नोटा न्या. डॉलर हे जगातलं सर्वात जास्त हाताळलं जाणारं चलन, त्यावर चढावा सर्वांत कमी, आणि बँकॉकच्या चेंजरकडे बाटचा भाव उत्तम मिळतो. तिथे शंभरच्या नोटेला छोट्या नोटांपेक्षा चांगला भाव देतात. घडी पडलेली, पेनाने खूण केलेली किंवा कडेला फाटलेली नोट परत करतात, म्हणून इथे घेतानाच नोट नोट तपासा. टूर मॅनेजर बसमध्ये बाट वाटतो ते टाळा. तो उपकार करत नसतो. व्हिएतनामलाही डॉलरच न्या, आणि तिथे वीस हजार व पाच लाख डाँगच्या दोन्ही नोटा निळसर असतात, अंधारात टॅक्सीवाल्याला देताना शून्यं मोजा.

दुबईचा दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, सौदीचा रियाल ३.७५ ला. म्हणून डॉलरच्या मधल्या भावाला या आकड्याने भागलं की दिरहम-रियालचा खरा भाव घरबसल्या निघतो. डॉलर ९० असेल तर दिरहम साडेचोवीस आणि रियाल चोवीस. उमरा-हजच्या मंडळींनी एजंटचा भाव याच्याशी ताडावा. नेपाळला पशुपतिनाथाच्या बसने जाणाऱ्यांना काहीच बदलायचं नाही: १९९३ पासून आपल्या शंभर रुपयांचे तिकडचे १६० ठरलेले आहेत, कुणी १५० देऊ लागला तर पुढच्या दुकानात जा. दुबई, सिंगापूर, श्रीलंका, मॉरिशस, नेपाळ, भूतान इथे काही दुकानांत यूपीआय चालतं, अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय पर्याय आधी चालू केला तर. पैसे देण्याआधी स्क्रीनवर रुपयांतली रक्कम दिसते, ती मधल्या भावाशी ताडून मगच पिन टाका.

सर, परत आल्यावर उरलेल्या नोटा १८० दिवसांच्या आत परवानाधारकाकडे द्यायच्या असतात. दोन हजार डॉलरइतक्या नोटा मात्र घरी ठेवायला मुभा आहे, आणि वर्षभरात पुन्हा मुलाकडे जायचं असेल तर त्या ठेवलेल्याच बऱ्या, विकताना चार टक्के घालवण्यापेक्षा. फार वर्षं मात्र ठेवू नका. ब्रिटनचे कागदी वीस आणि पन्नास पौंड सप्टेंबर २०२२ अखेर चलनातून बाद झाले, आणि अजूनही कुणी ना कुणी कपाटातून काढून आणतो. नाणी इथे कुणीच घेत नाही, ती शेवटच्या दिवशी तिथल्याच विमानतळावर कॉफीत संपवा. खरेदीची पावती जपून ठेवा. परत देताना त्याच दुकानात दाखवलीत तर भावात रुपया-दीड रुपया जास्त मागायला तोंड राहतं.